बाबांच्या कोटातली माणसं

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आजपासून मी कामावर जाणारी बाई! कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे आणि ती कुठे मिळते या काळजीत माझी सगळी दिवाळी गेली. मिळाली ती वाशीत, 'सुरेख ग्राफिक्स'मध्ये. नाव भारदस्त असलं तरी आहे एक गाळाच. पुढे काउंटर, मागे दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिकाम्या फ्रेमा. एसी मात्र आहे, कारण कॉम्प्युटरला उकडतं. माणसांना उकडलं तर चालतं.

मालकांचं नाव नंदकुमार, पण सगळे नंदूसर म्हणतात. सारखा पाय हलवत बसतात आणि बडीशेप चघळतात. पहिल्याच तासात त्यांनी सांगून टाकलं की कॉलेजात शिकलीस ते सगळं विसर, मॅडम, इथे गिऱ्हाईक हाच आर्ट डायरेक्टर. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघू.

नायगावची एक खोली सोडून नेरूळच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला महिनाच झालाय. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. आई मी दहावीत असताना गेली. बाबा मे महिन्यात सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले. जन्मभर खिळे जुळवले त्यांनी, त्यामुळे पेपर वाचताना अजूनही त्यांची बोटं हवेतून एकेक अक्षर उचलत असतात. कुठे जायचं नसलं तरी सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि मग चहा. आज माझी ओढणीसुद्धा त्यांनीच इस्त्री करून ठेवली होती. मी दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभे होते. मला उगाच रडू आलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला प्रोजेक्ट पार पडला. वाशीच्या घाऊक मार्केटातल्या एका व्यापाऱ्याची तिखटाची पुडी. मी तीन दिवस खपून छान डिझाइन केलं. भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात एक नाजूक मिरची. शेट म्हणाले की बाकीची मिरची कुठे गेली, तुमचा रंग संपला काय? शेवटी पुडीभर मिरच्या आल्या, शेटचा फोटो आला आणि शेट खूश झाले.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले. रोजनिशीत 'आज काय शिकले' असं लिहीत जा म्हणाले. तर आज हे शिकले, की मोकळी जागा ज्याला परवडते त्यालाच दाखवावी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या दुकानाचं खरं काम मला आज कळलं. ते म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. जुन्या गावांत, मार्केटच्या वस्त्यांत कितीतरी म्हाताऱ्यांचा धड फोटोच नसतो. मग घरचे मतदार कार्डावरचा चेहरा घेऊन येतात, नाहीतर लग्नाच्या ग्रुपफोटोतलं टिकलीएवढं डोकं. सर तो चेहरा स्कॅन करून मोठा करतात आणि दुकानात तयार असलेल्या एका धडावर बसवतात. कोट घातलेला, खुर्चीत बसलेला माणूस. जन्मभर खाडीच्या चिखलात उभा राहिलेला बापडा भिंतीवर साहेब होऊन बसतो. जोड कॉलरमध्ये लपवायचा, हे यातलं मुख्य कौशल्य.

या तयार धडाला सर 'काका' म्हणतात, कारण ते खरंच त्यांच्या काकांचं आहे. काकांचा फोटोस्टुडिओ होता, कोटही त्यांचाच.

आज आमच्या नेरूळशेजारच्या शिरवण्याहून राजाबाई नावाची म्हातारी आणि तिचा मुलगा आले होते. नवरा नामा गणपतीत गेला. खाडीत जाळी लावायचा. नमुना बघितल्याबरोबर राजाबाईंनी तोंड फिरवलं. हाच कोट शेजारणीकडे भिंतीवर हाय, व्याह्याकडे पन हाय, बटनसुदा तेच, म्हणाल्या. "सगल्यांचे म्हातारे एकाच कोटात कशे रं बसवता तुमी?" सरांचा पाय हलायचा थांबला. मी हसू दाबायला स्कॅनरमागे गेले.

त्या गेल्यावर सर म्हणाले की काका आता रिटायर करायला हवेत, नवी बॉडी पाहिजे. मी लगेच म्हटलं, आमच्याकडे आहे की.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निरोपसमारंभाच्या दिवशी छापखान्यात काढलेला बाबांचा फोटो. खुर्चीत ताठ बसलेत, नवा राखाडी कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाबांना विचारलं. फक्त धड पाहिजे, डोकं नको, असं सांगितल्यावर म्हणाले, "आमचं लग्न जमवताना तुझ्या आईच्या मामांचंही माझ्याबद्दल हेच मत होतं." वर हेही म्हणाले की आपला कोट कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, बरंच झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नामा झाला. दोन दिवस लागले. कार्डावरचा चेहरा इतका दाणेदार होता की डोळे जवळजवळ नव्यानं काढावे लागले. चेहरा काळासावळा आणि बाबांचे हात गोरे, म्हणून हातांना गडद केलं. मान कॉलरमध्ये अशी बसली की मलाच जोड सापडेना. सरांनी पाठीवर थाप मारली. राजाबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काचेवरून पदर फिरवला, चेहऱ्यावरून नाही, हातांवरून. मला फार बरं वाटलं.

एका गोष्टीचा राग आलाय. पुढेही धड वापरता यावं म्हणून सरांनी ते पुन्हा मोठं स्कॅन केलं आणि कडा स्वच्छ याव्यात म्हणून मूळ फोटोवर बाबांच्या चेहऱ्याला पांढरा पोस्टर कलर फासला! सहज धुऊन जातो म्हणाले. जात नाही, मी घासून बघितलं. फोटो गुपचूप अल्बममध्ये परत ठेवला. शिकले: मूळ प्रत कोणाच्या हातात द्यायची नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

राजाबाईंचा मुलगा येऊन गेला. सोमवारी फोटो भिंतीवर लावला, हार घातला, भटजींनी पूजा सांगितली. आई दिवसभर फोटोसमोर बसते आणि म्हातारा घरी आला म्हणते, असं सांगताना त्यानं बाहीनं डोळे पुसले. माझ्या एखाद्या कामानं कोणाला रडू येईल असं वाटलं नव्हतं. पुडीवरच्या मिरच्यांनी काही कोणी रडलं नाही.

बाबा आज चहा डाव्या हातानं प्यायले. मी चिडवलं तर बघतच राहिले हाताकडे. मग म्हणाले, निवृत्त माणसाचे हातही निवृत्त होतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत उकिडवे बसले होते. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडवून, उकलून तिचे बारीक धागे केले होते आणि त्या धाग्यांचं जाळं विणत होते. घट्ट, एकसारख्या गाठी. बाबांना साधी सुतळी धड बांधता येत नाही. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर दचकले. म्हणाले की मी पेपर वाचत होतो, क्षिपू, हातांचं मला ठाऊकच नाही.

मग आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले.

हात उन्हानं रापल्यासारखे दिसतात. मनगटापर्यंतच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला गेले ते आलेच नाहीत. मी सोसायटी पालथी घातली, बसस्टॉप बघितला. वॉचमन म्हणाला की साहेब अनवाणी गेले, शिरवण्याच्या दिशेनं. ते ऐकताच मी राजाबाईंच्या घराकडे धावले. कारण तेव्हा सांगता आलं नसतं.

राजाबाईंच्या ओट्यावर बसले होते. एक पाय पोटाशी घेऊन, इस्त्रीची पँट चिखलानं भरलेली. नामाचा लहान नातू मांडीवर. हात त्याचे केस कुरवाळत होते आणि वर बाबांचा चेहरा भेदरून माझ्याकडे बघत होता. मला घेऊन चल म्हणाले. मी उठवायला गेले तर पाय उठेनात. शेवटी पोराला कोणीतरी उचलून आत नेलं तेव्हा ते उठले.

राजाबाईंनी त्यांना चहा दिला होता, बशीत ओतून. मी रागावून विचारलं की परक्या माणसाला असं बसवून कसं ठेवलंत. त्या अजिबात घाबरलेल्या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "तोंड तुज्या बापाचा हाय, मना दिसतंय की. पन मानूस बसन्यावरनं वलखतात, पोरी. ह्यो माजा म्हातारा हाय."

आत भिंतीवर बाबांचा कोट दिसत होता. ताजा हार होता.

मी आज काही शिकले नाही. मला भीती वाटते आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे ठोकून बघितले, टॉनिक दिलं. निवृत्तीनंतर होतं असं, छंद लावून घ्या म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं. शर्टाचं वरचं बटण दाखवून म्हणाले की मी इथपर्यंत आहे. याच्या खाली मला काही कळत नाही. भूक लागते ती त्याची, थकवा येतो तो त्याचा. खाली कोणीतरी वावरतंय आणि मी वरून बघतोय. हे सगळं ते एखादं चुकलेलं प्रूफ दाखवावं इतक्या शांतपणे सांगत होते.

त्यांनी बोट ठेवलं नाही, हात ऐकतच नाहीत. डोळ्यांनी दाखवलं. बरोबर तिथेच. कॉलरमध्ये, जिथे मी जोड लपवला.

मग मी त्यांना सांगितलं. नामाचं, फोटोचं, हाराचं. चितेत जळून गेलेल्या माणसाला शरीर कुठलं? ते मी दिलं. बाबा म्हणाले, तुला कसं ठाऊक असणार, बाळ. त्यांनी ओरडायला हवं होतं.

दाढी आता मी करून देते. गाल त्यांचेच आहेत, अजून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज शिरवण्याला बाबांना बरोबर घेऊनच गेले. म्हणजे न्यावं लागलं नाही, दिवेलागणीला पाय तिकडेच निघतात. मी फक्त शेजारून चालत होते.

राजाबाईंच्या पाया पडले. फोटो परत द्या म्हटलं. दुसरा करून देते, काकांचा कोट चालेल, नुसता चेहरा चालेल, पण हा काढा. मुलगा खवळला. हार घातलेला फोटो उतरवायचा म्हंजी काय, आमचा बापूस दोनदा मारायचा का, म्हणाला. राजाबाई फोटोकडेच बघत होत्या. मला वाटलं नाहीच म्हणणार. मी त्यांच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं.

मग त्या बाबांसमोर येऊन बसल्या. बाबांच्या हातानं त्यांचा हात धरला, आपणहून. आणि वर बाबा रडत होते. डोळे पुसायला त्यांना हात नव्हता. राजाबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. "परक्याचा जीव टांगून आमाला काय सूख, नाय," असं काहीसं म्हणाल्या, स्टुलावर चढल्या, हार काढला आणि फोटो माझ्या हातात दिला. नंतर भिंतीकडे तोंड करून बसल्या, आम्ही निघेपर्यंत वळल्या नाहीत.

रस्त्यात बाबा थांबले. त्यांनी आपला उजवा हात वर केला, बोटं हलवली आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबा परत आले! सकाळी स्वतः दाढी केली, गालाला दोन ठिकाणी कापून घेतलं. कापल्यावर दुखलं म्हणून खूश. पिठलं केलं, खारट झालं, आम्ही भांडंभर खाल्लं. नामाचा फोटो मी चौकट काढून, नमस्कार करून जाळला. दुपारभर बाबा पेपर वाचत होते आणि बोटं हवेतली अक्षरं उचलत होती. मी ती बघत बसले होते. इतका सुखाचा रविवार मला आठवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठले तर बाबा वाकलेले. पाठीवर काहीतरी प्रचंड ओझं असावं तसे कमरेत वाकून हॉलमध्ये येरझारा घालत होते. उजव्या हाताची मूठ आकड्यासारखी वळलेली. दारापर्यंत जायचं, पाठ झुकवून ओझं टाकायचं, परत यायचं. मी थांबवायला गेले तर त्या हातानं मला बाजूला सारलं. बाबा वरून क्षिपू, लागलं का, लागलं का, विचारत होते.

त्यांना घरात कोंडून दुकानात गेले. सरांना विचारलं की माझ्या बाबांची बॉडी आणखी कोणासाठी वापरली का. सर म्हणाले, अर्थात. मार्केटातला माथाडी होता, कृष्णात म्हणून, पोत्यांची थप्पी अंगावर पडून गेला. त्याच्या बायकोला गेल्या आठवड्यात करून दिला, काल रात्री हार घालणार होती. अजून एक कामोठ्याचा. एक बोनकोड्याचा. बॉडी इतकी मस्त आहे, मॅडम, की पनवेलच्या मित्रानं डिस्कवर मागून घेतली. उरणच्यानंही. ते कोणाकोणाला लावतात ते सरांना ठाऊक नाही.

मी खुर्चीतच बसले. सगळं सांगितलं. सरांनी हातातली बडीशेप खाली ठेवली. पाय हलायचा थांबला होता. म्हणाले की काकांचंही असंच होतं. दिवेलागणीला उठायचे, भलत्यांच्या घरी जाऊन बसायचे. वेड लागलं म्हणून घरच्यांनी पलंगाला बांधलं. गळ्याखाली मी नाही रे, नंदू, असं म्हणायचे. आम्हाला वाटलं, म्हातारपण.

मग शेवटी काय झालं, मी विचारलं. सर म्हणाले, गेले. शेवटी चेहराही आम्हाला ओळखत नव्हता.

सरांनी माझ्यासमोर फाइल पुसली. पनवेलला, उरणला फोन लावले. तिकडून हसले. इतका चांगला कोट कोण पुसतो?

३ डिसेंबर, बुधवार

कृष्णातची बायको शालन कोपरखैरण्याला राहते. एक खोली, दोन मुलं, तीही माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. मी सुरेख ग्राफिक्समधून आले म्हटल्यावर तिनं मला पाट दिला. ताई, लई उपकार झालं, म्हणाली. त्यांचा चेहराच शिल्लक नव्हता राहिला, पोरांना बघूसुद्धा दिलं नाही कोणी. "आता कसं सायबावानी बसल्यात बघा. धाकटी रोज हाताला हात लावून शाळंला जाती."

फोटोच्या काचेवर, खाली, गुडघ्यावरच्या हातापाशी, लहान बोटांचे डाग होते.

मी मागू शकले नाही. मी चहा घेतला आणि निघून आले. मागितला असता तरी काय? कामोठे आहे. बोनकोडे आहे. पनवेलचे किती, उरणचे किती. कोणकोणत्या भिंतीवरून उतरवू?

५ डिसेंबर, शुक्रवार

आता एकच नाही. एक हात ओझं उचलतो, दुसरा काहीतरी वल्हवतो. पाय दोन दिशांना निघतात, बाबा पडतात. गुडघे फुटलेत. बाबांना दुखत नाही. मला दुखतं.

दिवेलागणीला सगळे एकदम निघतात. ज्याला त्याला आपल्या घरी जायचं असतं. मी दार लावून दाराला पाठ लावून बसते. बाबांचं शरीर येऊन थडकतं. पुन्हा. पुन्हा. आणि वरून बाबा म्हणतात, सॉरी बाळ — सॉरी —

शेजारच्यांनी बेल वाजवली. गाण्याची प्रॅक्टिस चाललीय असं काहीतरी सांगितलं. का, देव जाणे.

६ डिसेंबर, शनिवार

बाबांचा आवाज खोल गेलाय. कॉलरच्या वर चढतंय म्हणाले. हनुवटीपर्यंत आलंय. सकाळी दाढी करताना ब्लेड लागलं, रक्त आलं. त्यांना कळलं नाही.

कोण कोण आहेत गं हे सगळे, मला विचारत होते. वाईट नाहीत म्हणाले. त्यांना घरी जायचंय फक्त. सगळ्यांना कोणीतरी हार घालून बोलावलंय.

मग जे म्हणाले ते मी लिहिणार नव्हते. पण लिहिते —

म्हणाले, माझं शरीर सगळ्यांच्या भिंतीवर आहे, क्षिपू. आपल्याच भिंतीवर नाही. माझाही लाव. हार घाल. म्हणजे मीही माझ्या घरी येईन.

मी ओरडले. तुम्ही जिवंत आहात म्हटलं. जिवंत माणसाला हार — मी नाही करणार. आईशप्पथ नाही करणार.

ते म्हणाले, लवकर कर. चेहरा आहे तोवर.

७ डिसेंबर, रविवार

दुकान बंद. सरांनी किल्ली दिली, काही विचारलं नाही.

मूळ फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरं. ते खरवडता येत नाही, खालचा कागद निघतो. म्हणून काल रात्री बाबांचा नवा फोटो काढला, सकाळी स्टेशनजवळ तासाभरात धुऊन घेतला. भिंतीला टेकवून, मी एका हातानं खांदा दाबून धरून. तीन हलले. एक चांगला आला. थोडे हसलेत. माझ्यासाठी.

जुन्यातलं धड आणि नवा चेहरा, दोन्ही स्कॅन केलं. डोळ्यांखालचं काळं काढलं. गालावरचं ब्लेडचं काढलं. मान कॉलरमध्ये बसवली. जोड दिसत नाही. कुठेच दिसत नाही. इतकं सफाईदार काम मी कधी केलं नव्हतं. प्रिंट निघत होता आणि मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडत होते.

८ डिसेंबर, सोमवार

खिळा ठोकला. फोटो लावला. झेंडूचा हार आणलाय, फुलवालीनं विचारलं कोण गेलं — मी पळत आले —

दिवेलागण व्हायच्या आत घाल, बाबा म्हणतात. आता नुसते ओठ हलतात त्यांचे. आवाज मध्येच दुसऱ्याचा येतो. मला ताई म्हणाले. मग डोळे मिटून, फार कष्टानं — क्षिपू. घाल.

घातला.

हात थांबले. पाय थांबले. सगळे गेले. बाबा खुर्चीत नीट बसले, आपले आपण. दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटं हलवून दाखवली — बघ म्हणाले — माझी. माझीच आहेत. हसले. मी त्यांच्या हाताला हात लावून बसलेय, तो गोरा होतोय, मी बघतेय, बाबांचाच हात, शाईचा जुना डागसुद्धा —

बाबा?

ताठ बसलेत. थोडे हसलेत. माझ्याकडे बघतायत. पण मी इकडे सरकले तरी डोळे तिथेच —

बाबा, पापणी हलवा ना. एकदाच. मी हार काढते. काढू का? काढला तर ते परत येतील, नाही काढला तर तुम्ही — सांगा ना, काढू का —